आईला खरं सांगायला वेळ द्या

मा. मंत्री,
सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग,
महाराष्ट्र राज्य



गेल्या वर्षी जूनमधल्या एका शनिवारी दुपारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मंगळवारी डिस्चार्ज देऊ. पण यांना उचलायला घरी दोन माणसं लागतील." माझी आई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची होती. मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि त्या आठ दिवसांत तिचा दिवसरात्रीचा हिशेबही थोडा विस्कटला. आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. मी आणि माझे पती, दोघांनीही साठी ओलांडली आहे. भाऊ कोल्हापूरला दोन खोल्यांत राहतो. शनिवारच्या दुपारपासून मंगळवारच्या सकाळपर्यंत आम्ही आईची देखभाल होईल अशी पाच ठिकाणं पाहिली, तीन ठिकाणी "कॉट रिकामी नाही" असं ऐकलं, आणि उरलेल्या दोनांपैकी जे घरापासून जवळ होतं तिथे पैसे भरले.

रुग्णवाहिकेत आईनं विचारलं, "कुठे चाललोय?" मी म्हणाले, "व्यायाम करून घेतात तिथे, पंधरा दिवसांत घरी येशील."

ते खरं नव्हतं, आणि मला ते माहीत होतं. आईनं चौतीस वर्षं सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवलं. मूल खोटं बोलतंय हे तिला त्याच्या उभं राहण्यावरून कळायचं. मी तिच्या स्ट्रेचरजवळ कशी उभी होते ते तिला दिसलंच असणार. ती पुढे काही बोलली नाही. त्या संस्थेत ती पाच आठवडे राहिली आणि पाच आठवड्यांत सात किलोंनी उतरली. शेवटी आम्ही तिला घरी आणलं, रुग्णसेवा ब्यूरोतून तिला सांभाळायला मावशी लावल्या, आणि पुढच्या चार महिन्यांत तेच काम पहिल्यापासून, तिला सगळं सांगून, पुन्हा केलं. आता ती दुसऱ्या ठिकाणी राहते. बरी आहे.

एकच माणूस, एकच आजार, साधारण तेवढाच खर्च. फरक होता तो तयारीचा, आणि तयारीला लागतो तो वेळ आपल्या समाजात आणि आपल्या कायद्यात कुणी ठेवलेलाच नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

वेळ का मिळाला नाही? कारण आधी दोन वर्षं आम्ही हा विषय काढलाच नव्हता. आई रात्री दोनदा उठते, गॅस चालू राहतो, औषध दोनदा घेतलं जातं, हे सगळं दिसत होतं. पण मराठीत या गोष्टीसाठी आपण एकच क्रियापद वापरतो: आश्रमात "टाकलं". आई तिथे गेली किंवा राहायला लागली असं कुणी म्हणत नाही. माझ्या चुलत बहिणीनं फोनवर विचारलं, "मुलगा-मुलगी दोघं असताना टाकलंत?" हा शब्द पुढे आपल्याला ऐकावा लागणार या भीतीनं माणसं बोलायचं लांबवतात, आणि मग एखाद्या शनिवारी दुपारी सगळं एकदम अंगावर येतं. शरमेनं वेळ खाल्ला आणि वेळ संपला म्हणून मी खोटं बोलले. आमच्या घरात हे या क्रमानं झालं, आणि पहिल्या संस्थेच्या व्हरांड्यात भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबात ते याच क्रमानं झालं होतं.

मंत्री महोदय, कायद्याच्याही मनात हाच "टाकलं" शब्द आहे असं मला वाटतं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा कायदा मी त्या चार महिन्यांत नीट वाचला. सांभाळ न करणाऱ्या मुलांकडून दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळवता येतो, उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे दाद मागता येते, वकील लागत नाही. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळवता येते. आई-वडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे सगळं हवंच आहे. ज्यांना खरोखर घराबाहेर काढलं जातं त्यांच्यासाठी तो मोठा आधार आहे, आणि त्यातली एकही ओळ कमी व्हावी असं मला वाटत नाही. पण या कायद्याला दोनच प्रकारची घरं दिसतात, सांभाळणारी आणि टाकणारी. घरी उचलायला माणसं नाहीत, म्हणून नीट विचार करून, रडून, पैसे जमवून आईसाठी जागा शोधणारं घर त्यात कुठेच नाही.

त्याच कायद्याचं १९ वं कलम वृद्धाश्रमांबद्दल आहे. राज्य सरकारनं टप्प्याटप्प्यानं, प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निराधार ज्येष्ठांसाठी निदान दीडशे जणांची सोय असलेला वृद्धाश्रम काढावा असं ते सांगतं, आणि तेही "काढू शकेल" या भाषेत. तिथे कोणता दर्जा आणि कोणत्या सेवा असाव्यात हे ठरवण्याचा अधिकारही राज्याला आहे. माझी आई निराधार नाही. तिला निवृत्तिवेतन आहे, ती पैसे देऊन राहते. मग तिच्यासारख्यांच्या सोयीचा दर्जा कोण पाहतं? आम्ही पाहिलेल्या पाच ठिकाणांपैकी एकाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होती, एकाकडे दुकाने व आस्थापनांचा परवाना होता, बाकीच्यांनी "सगळे कागद आहेत" म्हटलं आणि एकही दाखवला नाही. रात्री किती माणसांमागे एक मावशी असते, हा माझा प्रश्न पाचही ठिकाणी विचित्र वाटला. लोकसभेत डिसेंबर २०१९ मध्ये या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं गेलं होतं. दहा हजारांची मर्यादा काढणं आणि खासगी संस्थांची नोंदणी, दोन्ही त्यात होतं. त्याचा कायदा झाला नाही. रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावावी लागते. ज्येष्ठांसाठी म्हणून फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरांना २०२४ पासून महारेरानं रुंद दरवाजे, उतार, कठडे यांचे नियम घालून दिले. दरवाजाच्या रुंदीचा विचार झाला. त्या दरवाजातून रात्री दोन वाजता कुणी येईल की नाही, याचाही व्हायला हवा.

आता तयारीबद्दल. हा भाग मी सविस्तर लिहिणार आहे, कारण नियम करणाऱ्या माणसाला तो ठाऊक असल्याशिवाय नियम उपयोगाचे होणार नाहीत.

पहिल्या संस्थेत तिसऱ्या रात्री आई पडली. वॉकर जवळ होता, मंद दिवा होता, तरी पडली. घरी तिच्या कॉटची उजवी बाजू भिंतीला आणि डावी मोकळी होती. चाळीस वर्षं ती डावीकडून उठली, चार पावलांवर मोरीचं दार. तिथे कॉट नेमकी उलटी लावलेली होती. अर्धवट झोपेत तिनं डावीकडे पाय टाकला तो भिंतीवर आपटला, आणि तोल गेला. हे कुणाच्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. नंतर घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं सहज विचारलं, "आजी कुठल्या बाजूनं उठतात?" तेव्हा उलगडलं. दुसऱ्या ठिकाणी आम्ही पहिली गोष्ट केली ती कॉट फिरवण्याची. पाच मिनिटं लागली.

दुसरी गोष्ट गाऊन. अंथरुणावरच्या बाईला गाऊन सोयीचा, हे मला मान्य आहे. पण माझ्या आईनं जन्मात गाऊन घातला नव्हता. सुती पाचवारी, पदर दोन्ही खांद्यांवरून, हीच ती. पहिल्या दिवशी दुपारी आम्ही भेटायला गेलो तेव्हा तिला गाऊन घातलेला होता, आणि सांगलीहून आलेले माझे मामा तिला बघायला आत आले. आईनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि ते असेपर्यंत हात बाहेर काढला नाही. तिच्या न जेवण्याची सुरुवात त्या दिवसापासून झाली असं मी मानते. दुसऱ्या वेळी आम्ही घरीच महिनाभर आधी रात्रीपुरता गाऊन सुरू केला, तोही तिनं स्वतः निवडलेल्या छापाचा, समोर बटणं असलेला. दिवसा साडी. संस्थेला आधीच विचारलं, साडी नेसवायला वेळ देणार का? "आठवड्यातून तीन दिवस नक्की, बाकी जमेल तसं," असं तिथल्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. आईला ते चाललं. तिला कुणीतरी विचारलं होतं, एवढं तिला पुरेसं होतं.

सामान काय न्यायचं हेही आईनं ठरवलं. मी मोठी बॅग काढली होती, तिनं पत्र्याची छोटी ट्रंक मागितली. तिची खुर्ची नेली, कारण त्याच उंचीवरून तिला आधाराशिवाय उठता येतं. बशी नेली, ती चहा बशीतूनच पिते आणि पेल्यातला तसाच सोडते. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, वडिलांचा फोटो, पंचांगाची भिंतीवरची दिनदर्शिका. पाटल्या तिनं स्वतःच्या हातानं उतरवून माझ्या आणि वहिनीच्या हातात एकेक घातली. पहिल्या वेळी त्या रुग्णालयात नर्सनं साबण लावून काढल्या होत्या. कवळीच्या डबीवर, चष्म्याच्या काडीवर, कानातल्या यंत्राच्या पेटीवर नाव घातलं. साड्यांच्या काठाला आतून तिचं नाव टाक्यांनी घातलं, कारण धुण्यात कपडे बदलतात आणि दुसऱ्याची साडी अंगावर पाहून आई दिवसभर अस्वस्थ राहते. हे शिवणकाम आम्ही मायलेकींनी मिळून केलं. तिचे टाके अजून माझ्यापेक्षा सरळ येतात.

मग एक कागद केला. औषधांची यादी संस्था मागतेच. हा दुसरा. आई सकाळी साडेपाचला उठते, तिला कुणी गप्प पडून राहा म्हणू नये. एकादशीला तिला उपास करायचा असतो. साखरेच्या आजारामुळे पूर्ण उपास चालत नाही, पण वरईचा भात आणि दाण्याची आमटी दिली की तिचं समाधान होतं. डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून उजवीकडून बोलावं. संध्याकाळी पाच-साडेपाचला ती "शाळा सुटली, पोरं घरी गेली का" असं विचारू लागते. "हो, सगळी गेली" म्हणावं, वाद घालू नये. आणि सगळ्यात वर लिहिलं, यांना "आजी" म्हणू नका, "बाई" म्हणा. पहिल्या ठिकाणी सगळे तिला आजी म्हणत आणि ती कुणालाच ओ देत नसे. रिपोर्टमध्ये "प्रतिसाद कमी" असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. चौतीस वर्षं आणि निवृत्तीनंतरही सारा गाव तिला बाई म्हणत आला. दुसऱ्या ठिकाणच्या मावशींनी तो कागद वाचला, कॉटजवळ जाऊन "बाई, चहा घेताय ना?" म्हणाल्या, आणि आईनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

हा एक कागद प्रत्येक संस्थेनं प्रवेशाच्या वेळी भरून घ्यावा, एवढं तरी शासनाला सहज बंधनकारक करता येईल. त्याला पैसे लागत नाहीत.

कागदपत्रांची बाजू मी थोडक्यात लिहिते. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, हे पुष्कळ घरांना ठाऊक नसतं आणि निवृत्तिवेतन अडकतं. बँकखात्यावर दुसरं नाव आई सही करू शकते तोवरच घातलेलं बरं. मुखत्यारपत्रावर फार विसंबू नये, कारण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की ते संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळीच. शेवटच्या आजारात काय करावं, काय करू नये, हे लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आईशी हे बोलणं मला सर्वांत अवघड जाईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "नळ्या लावून ठेवू नका. लिही, मी सही करते." तिला हे कधीपासून बोलायचं होतं. विचारायला मीच उशीर केला होता.

तिला खरं सांगितलं तो दिवस ऑक्टोबरमधला. भाऊ आला होता. आम्ही तिघं बसलो आणि मी सांगितलं, "आई, मला तुला उचलता येत नाही. मावशी दर महिन्याला बदलतात. चांगली जागा बघायची आहे, तू बघून पसंत केल्याशिवाय ठरवायचं नाही." ती बराच वेळ गप्प होती. मग रडली. मीही रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विचारलं, "तिथे ग्रंथालय आहे का?" पुढच्या महिन्यात आम्ही तिला दोन ठिकाणी नेलं. एका ठिकाणी दुपारचं जेवण जेवून "वास येतो" म्हणून तिनं नाकारलं. दुसऱ्या ठिकाणी आधी एक दिवस, मग तीन रात्री, मग दहा दिवस राहून ती घरी आली. शेवटची गेली तेव्हा तिला कॉट माहीत होती, शेजारच्या कॉटवरच्या बाई माहीत होत्या, कढीत साखर जास्त असते हेही माहीत होतं. तरीही पहिले पंधरा दिवस वाईट गेले. तयारीनं दुःख जात नाही. मात्र आपल्याला फसवून आणलं आहे, हे ओझं या वेळी तिच्यावर नव्हतं.

मंत्री महोदय, तीन रात्री राहू देणारी संस्था मिळणं हे आमचं नशीब होतं. बाकी ठिकाणी आधी अनामत, मग प्रवेश. पहिल्या संस्थेनं एक लाख रुपये अनामत घेतली होती आणि पाच आठवड्यांनी निघताना त्यातले चाळीस हजार परत दिले. बाकीचे कशात गेले ते अजून समजलं नाही. करारपत्र इंग्रजीत होतं, नऊ पानांचं, आणि मी त्यावर रुग्णवाहिका दारात उभी असताना सही केली. म्हणून माझं मागणं असं आहे. १९ व्या कलमाखालच्या दर्जाच्या नियमांत पैसे घेणाऱ्या खासगी संस्थाही याव्यात; कायदा तिथवर पोहोचत नसेल तर राज्यानं स्वतःचा करावा. करार मराठीत असावा, आणि सहीपूर्वी तो दोन दिवस घरी नेऊन वाचता यावा. अनामत न घेता पंधरा दिवस राहून पाहण्याचा हक्क असावा. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत संस्थांची यादी असावी आणि त्यात रात्रीच्या पाळीत किती माणसं असतात हे लिहिलेलं असावं.

आणि सुरुवात रुग्णालयातून व्हावी. शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. सत्तरीपुढचा माणूस हाड मोडून दाखल झाला की त्याच दिवशी त्यांनी घरच्यांना विचारावं, घरी उचलायला कोण आहे? खासगी रुग्णालयांनीही हे करावं. आमच्या बाबतीत तो प्रश्न आठव्या दिवशी आला. पहिल्या दिवशी आला असता तर ते आठ दिवस आमच्या हाती असते.

मावशींबद्दलही लिहायला हवं. आईला ज्या "बाई" म्हणतात त्या मावशी बारा तासांची पाळी करतात. बेडसोर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची हे त्या पाहून पाहून शिकल्या आहेत, कुणी शिकवलेलं नाही. त्यांच्यासाठी प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि त्याला साजेसा पगार असल्याशिवाय वर मागितलेलं सगळं कागदावरच राहील. आईचं जगणं आज माझ्यापेक्षा त्यांच्या हातात जास्त आहे.

एक विनंती शेवटी. दिवाळीत अशा संस्थांत फराळ येतो, पाहुणे येतात, फोटो निघतात. आईला चकली आवडते, तिला ते दिवस आवडतात. आपणही याल तेव्हा ती आनंदानं नमस्कार करील. पण एकदा न कळवता, एखाद्या साध्या मंगळवारी रात्री साडेनऊला, तुमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही संस्थेत जा. जेवणं उरकलेली असतात, दिवसपाळी घरी गेलेली असते. व्हरांड्यात उभं राहून फक्त मोजा, किती कॉट आहेत आणि किती माणसं जागी आहेत. कुणी हाक मारली तर कॉटजवळ जा आणि विचारा, तुम्हाला काय म्हणून हाक मारायची?

आपली,
पुण्यातली एक मुलगी